सव्वीस मुलांचे बाबा आणि हाक न मारणारा मुलगा

सेवाकार्यासाठी परदेशी राहणाऱ्या कुटुंबांतील आईवडील माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, तेव्हा प्रत्येकाचे शब्द वेगळे असले तरी त्यांच्या मुळाशी एकच धास्ती असते. ज्यांना कोणी नाही अशा लेकरांना जवळ घेता घेता आपल्या पोटची मुले दुरावली तर नाहीत ना, ही ती धास्ती. ती उघड बोलून दाखवणेही अनेकांना देवाविरुद्ध कुरकुर केल्यासारखे वाटते, म्हणून बहुतेक जण मुलाच्या अभ्यासाची किंवा हट्टीपणाची तक्रार पुढे करून येतात. पुढे सांगते आहे ते एका कुटुंबाच्या परवानगीने सांगते आहे. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत आणि नावे मुद्दामच दिलेली नाहीत.

हे दांपत्य मुंबईतील एका मराठी ख्रिस्ती मंडळीतले, म्हणजे चर्चमधले. केनियात, व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या किसुमू शहराजवळ, सव्वीस मुलांचे एक बालगृह ते सात वर्षे सांभाळत होते. वर्षभराच्या रजेवर मे महिन्यात ते भायखळ्याला आजीच्या घरी आले, तेव्हा मुलगा बारा वर्षांचा आणि मुलगी आठ वर्षांची होती. केनियातील शालेय वर्ष जानेवारीत सुरू होते आणि आपले जूनमध्ये, त्यामुळे मुलगा अर्धी इयत्ता तिथे टाकून इथे दुसऱ्याच अर्ध्यात येऊन बसला होता. वर्गात त्याच्या मराठीला मुले हसत. आईने आधी हेच सगळे सांगितले, आणि मग उठता उठता, दाराशी उभी राहून म्हणाली, "मॅडम, आणखी एक आहे. हा यांना हाकच मारत नाही. जवळ जाऊन नुसता उभा राहतो. यांचे लक्ष गेले तर बोलतो, नाही तर तसाच परत फिरतो."

शाळेचा प्रश्न मी तिथेच बाजूला ठेवला. तो आपोआप सुटतो असे नव्हे, पण हाक न मारणे ही त्याहून जुनी गोष्ट असावी असे मला वाटले.

दादरच्या माझ्या खोलीत मुलगा पहिल्यांदा एकटा बसला, तेव्हा त्याने दप्तरातून कंपास काढून माझ्यासमोर उघडला. आत चार पेन्सिली होत्या. प्रत्येकीचे मागचे टोक ब्लेडने तासून सपाट केलेले, आणि त्या इवल्याशा पांढऱ्या जागेवर निळ्या शाईने त्याचे नाव. खोडरबरावर नाव, पट्टीच्या मागे नाव, पाण्याच्या बाटलीवर दोनदा नाव. आपल्याकडे शाळकरी मुले पेन्सिलीवर नाव घालतातच, तेव्हा त्यात नवल नव्हते. पण आजीच्या घरातल्या त्याच्या ताटाच्या तळालाही त्याने खिळ्याने आपले नाव कोरले आहे, असे आईने नंतर सांगितले तेव्हा मला त्या मुलाची भूक कशाची आहे हे थोडे कळले. जिथे चेंडूपासून पांघरुणापर्यंत सगळे सव्वीस जणांत वाटले जाते आणि तेच योग्य आहे असे रोज सायंकाळच्या प्रार्थनेत ऐकायला मिळते, तिथे "हे माझे" म्हणायला त्याला जागाच उरली नव्हती.

अशा प्रत्येक कुटुंबातील मुलाला मी एकट्याला घेऊन आधी हे विचारते की तिथे त्याला कोणी मारले, घाबरवले किंवा नको तसा स्पर्श केला आहे का. संस्थेच्या आवारात वाढणाऱ्या कोणत्याही मुलाबाबत हा प्रश्न टाळणे मी चुकीचे मानते. तसे काही घडलेले नव्हते. त्यानंतर आम्ही हाकेकडे वळलो.

स्वाहिली भाषेत बाबा म्हणजे वडीलच. मात्र मामा म्हणजे आई, काका म्हणजे भाऊ आणि दादा म्हणजे बहीण, त्यामुळे सुरुवातीच्या दिवसांत या घरात बरीच हसाहशी होत असे. पण "बाबा" या शब्दात काहीच फरक नव्हता, आणि दुखणे नेमके तिथेच होते. मुलगा म्हणाला, "तिथे सगळेच त्यांना बाबा म्हणतात. मी हाक मारली तर ते मागे न बघता 'लाईनमध्ये ये' म्हणतात. मी आहे हे त्यांना कळतच नाही." हे सांगताना त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि मला त्याचीच अधिक काळजी वाटली.

मग त्याने एक रात्र सांगितली. तो दहा वर्षांचा असताना त्याला थंडी वाजून सडकून ताप भरला. त्या भागात हिवताप घरोघरी आहे. त्याच रात्री बालगृहातल्या एका तान्ह्या बाळाला घेऊन वडील रुग्णालयात धावले होते आणि आई धाकट्या मुलांच्या दालनात होती. हा पहाटेपर्यंत दोन पांघरुणे घेऊन कुडकुडत पडून राहिला. "मी कोणाला उठवले नाही. त्या बाळाला आई नव्हती. मला होती."

दहा वर्षांच्या मुलाने दुःखाचा हा तराजू स्वतः घडवलेला नसतो. तो त्याला घरातून मिळतो, आणि तोही फार चांगल्या हेतूने. "बघ, त्यांच्याकडे काय आहे आणि तुझ्याकडे किती आहे" असे आपण मुलाला कृतज्ञता शिकवण्यासाठी म्हणतो. ते रोज म्हटले गेले की मुलाला एवढेच समजते की आईवडील जिवंत असलेल्याला रडण्याचा हक्क नाही. वडिलांनी पहिल्या भेटीत माझ्यापुढे नेमका हाच तराजू धरला होता. "ज्यांना जगात कोणी नाही, त्यांच्यापुढे माझ्या मुलाचे दुःख ते काय?" असे ते म्हणाले होते. मी त्यांना तेव्हाही सांगितले आणि आजही सांगते की एका मुलाचा ताप दुसऱ्या मुलाच्या न्यूमोनियाने उतरत नाही.

या कुटुंबाच्या ओढीला मोठा इतिहास होता, आणि तो समजून घेतल्याशिवाय त्यांना काही सांगणे अन्यायाचे झाले असते. आईची पणजी १८९६-९७च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून आणलेल्या मुलींपैकी एक होती आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली होती. कोणी तरी परक्याचे लेकरू पोटाशी धरले म्हणून आपले घर उभे राहिले, ही जाणीव त्या घरात चार पिढ्या मुरलेली होती. सेवेसाठी देवाचे पाचारण आले तेव्हा नाही म्हणणे त्यांना शक्यच नव्हते. पण तिसऱ्या भेटीत याच बाईंनी आपणहून मनोरमाबाईंचा विषय काढला. रमाबाई अमेरिकेत होत्या त्या काळात त्यांची एकुलती एक मुलगी काही काळ इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्मभगिनींजवळ राहिली. पुढे तिने आईच्याच कामाला वाहून घेतले आणि १९२१ मध्ये, आईच्या आधी एक वर्ष, ती गेली. "आमच्या घरात रमाबाईंचा फोटो आहे. मनोरमाबाईंना कसे वाटले असेल, हे मात्र आम्ही कधी कोणी विचारले नाही," असे त्या म्हणाल्या. हे मी त्यांना सुचवले नव्हते. त्या स्वतः तिथवर पोहोचल्या.

परक्या देशात वाढणाऱ्या अशा मुलांसाठी "तिसऱ्या संस्कृतीतली मुले" अशी संज्ञा समाजशास्त्रज्ञ रूथ हिल युसीम यांनी रूढ केली. त्यासाठी १९५०च्या दशकात त्यांनी अभ्यास केला तो भारतात राहणाऱ्या अमेरिकी लोकांचा. आता आपल्या मंडळ्यांतून माणसे बाहेर जातात, तेव्हा आईवडिलांची भाषा घरापुरती आणि आजूबाजूची भाषा जगण्यापुरती, अशा स्थितीत आपलीही मुले वाढतात. हे काही दुर्दैव नव्हे. अशी मुले माणसांत पटकन मिसळतात, अनेक भाषा सहज बोलतात. मात्र त्यांनी काय काय मागे सोडले याचा हिशेब कोणी मांडत नाही, कारण ते सोडण्याचा निर्णय त्यांचा नसतो. माझ्याकडे आलेल्या मुलाने मायदेशी येताना कुत्रा सोडला होता, आंब्याचे झाड सोडले होते आणि त्याच्याच वयाचा एक जिवलग मित्र सोडला होता. त्याच्यासाठी "मायदेश" कोणता, हे कोणी विचारले नव्हते.

वडील बदलले ते मात्र मुलाच्या दुःखाने नव्हे, दुसऱ्याच एका गोष्टीने. निघण्याच्या दिवशी सामान गाडीत चढवताना बालगृहातल्या एका पाच वर्षांच्या मुलीने त्यांना विचारले होते, "बाबा, फक्त या दोघांनाच नेणार?" त्यांनी तिला खाऊ देऊन वेळ मारून नेली होती. हे सांगताना त्यांचा आवाज पहिल्यांदा कापला.

मी त्यांना म्हणाले, "तिने तुम्हाला खरा प्रश्न विचारला. तुम्ही सगळ्यांचे बाबा आहात असे तिला सांगितले गेले, आणि रजेच्या दिवशी तिला कळले की तसे नाही. तुमच्या मुलालाही तेच कळत नाही, फक्त उलट्या बाजूने."

इथे मला थोडे विस्ताराने सांगावे लागले. जगभरातील अनाथालयांत राहणाऱ्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील, निदान एक जण, हयात असतो. गरिबी, आजारपण किंवा शाळेची सोय यांमुळे मूल तिथे आलेले असते. रुमानियातील बुखारेस्ट शहरात २००० मध्ये सुरू झालेल्या अभ्यासात संस्थांमधील १३६ लहान मुलांपैकी काहींना प्रशिक्षित पालक-कुटुंबांत, म्हणजे परक्या मुलाला आपल्या घरी सांभाळणाऱ्या कुटुंबांत, ठेवण्यात आले, आणि जी मुले दोन वर्षांची होण्याआधी कुटुंबात गेली त्यांची बौद्धिक वाढ संस्थेत राहिलेल्यांपेक्षा ठळकपणे चांगली झाली. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने डिसेंबर २००९ मध्ये स्वीकारलेली मार्गदर्शक तत्त्वेही आधी आईवडील, मग नातलग, मग पालक-कुटुंब असाच क्रम सांगतात. केनियाने स्वतः २०२२ मध्ये मुलांना संस्थांतून कुटुंबांकडे नेण्याचा दहा वर्षांचा आराखडा जाहीर केला. पाहुणे आले की मुले धावत येऊन त्यांच्या गळ्यात पडतात, हे हे दांपत्य मोठ्या मायेने सांगत असे. कोणाही अनोळखी माणसाच्या गळ्यात पडणारे मूल प्रेमळ असते असे आपल्याला वाटते, पण अनेकदा ते एका माणसाशी घट्ट बांधले गेलेले नसते म्हणून तसे वागते.

वडील बराच वेळ गप्प होते. मग "मंडळीला अहवालात मुलांची संख्या लागते," एवढेच म्हणाले. पत्नीने त्यांच्याकडे न बघता बायबलमधील हन्नेची गोष्ट काढली. तिने आपला शमुवेल मंदिरात देवाला वाहिला, तरी दर वर्षी ती त्याच्यासाठी लहानसा झगा शिवून नेत असे. "झगा शिवायचा तर लेकरू किती वाढले हे ठाऊक असावे लागते," त्या म्हणाल्या. मी धर्मशास्त्राची जाणकार नाही, आणि त्या क्षणी माझ्या बोलण्याची गरजही उरली नव्हती.

पुढच्या चार महिन्यांत आम्ही केले ते अगदी साधे होते. वडिलांनी मुलाकडे त्या तापाच्या रात्रीबद्दल माफी मागितली. "पण त्या बाळाला..." हे वाक्य त्यात येऊ नये, यासाठी आम्ही दोनदा सराव केला, कारण ते वाक्य त्यांच्या तोंडून सवयीने निघे. आठवड्यातून एक जेवण चौघांनीच, दार लावून करायचे, हे ठरले. परत गेल्यावर बालगृहातील मुलांना हा पक्षपात वाटेल, अशी वडिलांची शंका होती. एका घराला दार असते हे पाहून मुले दुखावत नाहीत, न पाळलेल्या शब्दाने दुखावतात, असे माझे मत मी त्यांना सांगितले. बालगृहातील मुलांनी "बाबा" ऐवजी "अंकल" म्हणावे का, यावर मात्र आमचे एकमत झाले नाही. जिभेवर रुळलेला शब्द एका फर्मानाने काढून घेणे मला क्रूर वाटले. तोडगा मुलानेच काढला. तो म्हणाला, "त्यांना बाबा म्हणू दे. मी पप्पा म्हणेन."

परत जावे की नाही, हे मी सांगितले नाही. ते माझे काम नाही. मात्र निर्णयाच्या आधी दोन्ही मुलांना विचारा आणि उत्तर आवडले नाही तरी ऐकून घ्या, एवढा आग्रह मी धरला. धाकटी लगेच हो म्हणाली. मुलाने दोन दिवस घेतले आणि दहावीसाठी मुंबईत आजीजवळ राहायचे की नाही हे तेव्हा आपल्यालाच ठरवू द्यावे, अशी अट घातली. ती मान्य झाली. नव्या शालेय वर्षासाठी ते जानेवारीत गेले.

एप्रिलमध्ये आईचा फोन आला. तिथे संध्याकाळचे सात वाजले होते, इथे साडेनऊ. सव्वीसपैकी नऊ मुलांचे नातलग सापडले होते, दोघांच्या आज्या दर शनिवारी भेटायला येऊ लागल्या होत्या, आणि ती पाच वर्षांची मुलगी मावशीकडे राहायला जाण्याची तयारी चालू होती. बुधवारचे चौघांचे जेवण मात्र दोनदा चुकले होते. मुलाने त्या दोन्ही तारखांभोवती कॅलेंडरवर पेन्सिलीने गोल करून ठेवले होते, आणि त्या आठवड्यात एका सकाळी वडिलांसमोर कॅलेंडर धरून तो म्हणाला होता, "पप्पा, हे दोन राहिलेत."