मानसशास्त्र आणि समाजशास्त्र एकदम घेतलेल्या मुलीस

चि. सौ. अजून झाली नाहीस, म्हणून नुसतंच चि.,

अनेक आशीर्वाद. एफ.वाय.ला दोन्ही विषय घेतलेस आणि महिनाभरात तुझी तक्रार आली, 'दोन्हीकडे नुसत्या व्याख्या आणि परदेशी नावं.' गाईडवर भिस्त ठेवलीस तर वर्षभर असंच वाटत राहील. कुठलीही संकल्पना आली की तिच्यात काय बसतं याच्याबरोबर काय बसत नाही, हेही विचारत जा. पाठांतर आपोआप निम्मं होतं.

ऋण प्रबलन घे. परीक्षेत बरीच मुलं याचा अर्थ 'शिक्षा' असा लिहून मार्क घालवतात. गाडीत सीटबेल्ट लावला नाही की टिंगटिंग सुरू होते, लावला की थांबते. नकोशी गोष्ट गेली आणि बेल्ट लावण्याची सवय वाढली, हे ऋण प्रबलन. चौकात हवालदाराने पावती फाडली तर ती शिक्षा, कारण तिथे एखादं वर्तन कमी करायचं असतं. आता जरा अवघड उदाहरण. लग्नाच्या हॉलमध्ये पोर भोकाड पसरतं, आई मोबाइल हातात देते, पोर गप्प. पोराला रडण्याबद्दल बक्षीस मिळालं, म्हणजे त्याचं धन प्रबलन झालं. आईचं काय झालं? रडणं थांबलं, चारचौघांच्या नजरा हटल्या, म्हणून पुढच्या वेळी तिचा हात आणखी लवकर मोबाइलकडे जाईल. तिचं ऋण प्रबलन झालं. दोघं एकमेकांना शिकवतायत आणि दोघांनाही पत्ता नाही. हे उदाहरण मनात ठेवलंस तर स्किनरच्या पेटीत कळ दाबून खाणं मिळवणाऱ्या उंदराचं चित्र काढायची वेळ येणार नाही.

पावलॉवबद्दल एवढंच सांगते, की १९०४चं नोबेल त्याला पचनक्रियेवरच्या कामासाठी मिळालं होतं. अभिजात अभिसंधानासाठी, म्हणजे घंटा ऐकून कुत्र्याला लाळ सुटायला लागते त्या शिकण्याच्या शोधासाठी, मिळालं असं लिहू नकोस. आणि मास्लोचा तो माणसाच्या गरजांचा त्रिकोण! त्याच्या १९४३च्या मूळ लेखात गरजांची उतरंड आहे, त्रिकोण कुठेही नाही. तरी पेपरात काढ, तपासणाऱ्याला तो दिसला की बरं वाटतं.

प्रसिद्ध प्रयोगांच्या बाबतीत मात्र सावध राहा. सॉलोमन अॅशचा १९५१चा रेषांचा प्रयोग सगळ्यांना 'माणूस कळपात वाहून जातो' एवढ्यापुरता आठवतो. दाखवलेल्या रेषेएवढी लांब रेषा तिघींतून ओळखायची असते. खोलीत बसलेले बाकीचे सगळे आधीच ठरवून चुकीची रेषा सांगतात, मग खऱ्या सहभागी माणसाची पाळी येते. अशा फेऱ्यांमध्ये साधारण एक तृतीयांश उत्तरं गटाच्या बाजूने गेली. म्हणजे सुमारे दोन तृतीयांश उत्तरं बरोबर होती, आणि सुमारे पाव लोक एकदाही वाकले नाहीत. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो पुढचा बदल. खोलीत एकच जण बरोबर उत्तर देणारा बसवला, तर गटापुढे मान डोलावण्याचं प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास घसरलं. गाईडात हे एका ओळीत उरकलेलं असतं किंवा नसतंच. मिल्ग्रॅमचंही तसंच. त्याच्या प्रयोगात सहभागी माणसाला, सूचना मिळेल तसे, दुसऱ्या माणसाला वाढत्या जोराचे विजेचे धक्के द्यायला सांगत; धक्के खोटे होते, पण ते त्याला माहीत नसे. ४०पैकी २६ जण ४५० व्होल्टपर्यंत गेले, हा आकडा सगळ्यांना पाठ असतो. सूचना देणारा खोलीतून उठून फोनवरून बोलू लागला की आज्ञापालन कितीतरी घटलं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. परिस्थिती थोडी हलवली की माणसं किती हलतात, हीच त्या प्रयोगांची गंमत आहे.

इथूनच समाजशास्त्राचं दार उघडतं. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुर्खीमने १८९७मध्ये आत्महत्येवर लिहिलं, तेव्हा एकेका माणसाच्या दुःखात तो शिरलाच नाही. एखाद्या देशातलं आत्महत्यांचं प्रमाण वर्षानुवर्षं साधारण तेवढंच का राहतं, प्रोटेस्टंट भागांत ते कॅथलिक भागांपेक्षा जास्त का, हे त्याचे प्रश्न. त्याचे आकडे सरकारी नोंदींचे होते आणि कुठला मृत्यू कुठल्या रकान्यात टाकायचा हेही समाजच ठरवतो, ही टीका उत्तरात जरूर लिही. आपल्याकडे विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकरी आत्महत्यांबद्दल बोलताना 'दारू होती', 'घरात भांडण होतं' असं चटकन म्हटलं जातं. याच शेतकऱ्याने का आणि शेजारच्याने का नाही, हा मानसशास्त्राचा प्रश्न. याच पट्ट्यात, कोरडवाहू कापसाच्या गावांत, वर्षामागून वर्षं का, हा समाजशास्त्राचा. एकाचं उत्तर दुसऱ्यावर खपवू नकोस. चर्चेत सर्रास चालतं ते, आणि पंचाईत होते ती तिथेच.

जातीवरचा धडा गाईडातून वाचूच नकोस. मे १९१६मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या एका चर्चासत्रात बाबासाहेबांनी जातीवर निबंध वाचला. वय २५. त्यांचं म्हणणं असं, की जातीचं मूळ अंतर्विवाहात, म्हणजे आपल्याच गटात लग्न करण्याच्या सक्तीत, आहे. गटाबाहेर लग्न बंद केलं की नवऱ्यामागे उरलेल्या बाईचं आणि बायकोमागे उरलेल्या पुरुषाचं काय करायचं हा पेच पडतो, आणि सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह या प्रथा त्याच पेचातून उभ्या राहतात. वरच्यांनी दारं लावून घेतली, मग बाकीच्यांनी अनुकरण केलं, हेही त्यात आहे. एम. एन. श्रीनिवास यांचं १९५२चं संस्कृतीकरण, म्हणजे खालच्या जातींनी वरच्यांच्या चालीरीती उचलणं, यानंतर वाच. अनुकरणाची गोष्ट दोघांकडे आहे, पण लग्नाच्या दाराला कडी कोणी घातली हे बाबासाहेब जितकं रोखून विचारतात तितकं श्रीनिवास विचारत नाहीत. हे माझं मत आहे, सरांशी वाद घालायला हरकत नाही. रविवारच्या पेपरातल्या वधू-वर जाहिराती शेजारी ठेवून तो निबंध वाच. 'जातीची अट नाही' लिहून पुढे स्वतःची पोटजात छापणारी जाहिरात हमखास सापडेल. प्रोजेक्टला विषय मिळाला बघ.

घरच्यांवर नव्या शब्दांचे शिक्के मारणं तेवढं थांबव. काकूला 'नार्सिसिस्ट' म्हणालीस असं कानावर आलं. असं निदान करायला वर्षानुवर्षांचं प्रशिक्षण लागतं, आणि काकूशी तुझं भांडण फक्त गच्चीच्या किल्लीवरून आहे.

दुसऱ्या वर्षी संख्याशास्त्राचा पेपर टाळायची टूम निघेल, मैत्रिणी तसं सुचवतीलच. घे तो. सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे, हे एका वाक्यात पाठ होतं, पण शंभर जणांचे आकडे स्वतः मांडून बसल्याशिवाय अंगवळणी पडत नाही. आकडेमोडीत अडलीस तर सुट्टीत वही घेऊन ये. दुपारी मी घरीच असते.

तुझी,
मावशी