बागेत पक्ष्यांसाठी लाकडी पेटी लावून आत कॅमेरा बसवला तर पक्षी खरंच येतात का? कुणाचा अनुभव आहे का?

येतात, पण तुमच्या वेळेवर नाही येत. मी बेळगावात वडगावला राहतो, मागे परड्यात एक फणस आणि दोन पेरू आहेत, त्यातल्या फणसावर पेटी. पहिल्या वर्षी 20 मार्चला, चिमणी दिनाच्या उत्साहात लावली आणि मोबाईलवर बघत बसलो, तर अख्खा सीझन एक पाल. बायको म्हणायची, पालीचं लाइव्ह बघालास काय. चूक माझीच होती, उशीर झालेला, शिवाय भोक पश्चिमेला केलेलं, आमच्याकडे पाऊस-वारं त्याच बाजूनं झोडपतं, वळवाच्या एका सरीत आतला भुसा भिजून गोळा.

दुसऱ्या वर्षी सगळं बदललं. चिमणीला सव्वा इंचाचं भोक पुरतं, पण आमच्या परड्यात रोज पहाटे तारेवर दयाळ पक्षी गायचा, म्हटलं त्याच्यासाठीच करू, उद्यमबागेतल्या ओळखीच्या एका वर्कशॉपमध्ये सव्वादोन इंचाचं भोक पाडून घेतलं, तोंड पूर्वेला, आतून रंग-पॉलिश काही नाही, तळाला पाणी जायला चार बारीक भोकं. एवढ्या भोकातून साळुंकी पण घुसते हां, दोन दिवस भांडणं बघितली.

कॅमेऱ्याचं म्हणाल तर साधा वायफायवाला घेतला. घरात लावायचे हे कॅमेरे लांबचं बघायला बनवलेले असतात त्यामुळे वीतभर अंतरावरचं सगळं धूसर दिसतं, माझ्याकडच्या कॅमेऱ्याची लेन्स डिंकानं चिकटवलेली होती, ती हळूच सोडवून थोडी फिरवली तेव्हा कुठे काडी न् काडी दिसायला लागली. रात्रीसाठी इन्फ्रारेड असतोच, 940 नॅनोमीटरवाला बघा, त्याचा लाल ठिपका दिसत नाही. आणि हे सगळं पक्षी यायच्या आधी.

मार्च संपताना मादी मुळं-काड्या घेऊन आली. शेजारच्या कन्नड अज्जी कुंपणावरून ओरडल्या, "मडिवाळ हक्की बंदैती!" मडिवाळ म्हणजे परीट, त्यांच्यात दयाळाला तेच नाव. चार अंडी, फिकट निळसर-हिरवी, वर तपकिरी ठिपके. उबवते एकटी मादीच, नर बाहेर गात राखण करतो, मला आधी तो नुसता मिरवतोय असं वाटायचं. बारा-तेरा दिवसांत पिल्लं. मग आईची सिरीयल बंद झाली, टीव्हीवर पेटीच.

सगळ्यात भारी काय दिसलं तर पिल्लं शी करतात ती पांढऱ्या पातळ पिशवीत बांधून येते आणि आई-बाप ती चोचीत धरून लांब नेऊन टाकतात. आमच्या घरात दोन लेकरं वाढली, एवढी शिस्त नव्हती ओ. खायला अळ्या, नाकतोडे, आणि एक दिवस नरानं चक्क पालीचं पिल्लू आणलं, बायको म्हणाली झाली वसूली गेल्या वर्षीची.

एक गाढवपणा मात्र सांगतोच. लेन्सपुढं कोळ्याचं जाळं आलं, दिसंना, मी शिडी लावून चढलो. दोन मिनिटांचं काम, पण मादी दीड तास आत आली नाही, नुसती फांदीवर चर्र-चर्र करत बसली आणि मी खाली हात जोडून. तिला कॅमेऱ्याचं काही नव्हतं, माझंच होतं. आई चार दिवस धड बोलली नाही माझ्याशी.

पिल्लं निघाल्यापासून पंधराव्या दिवशी सकाळी लाईट गेली, इन्व्हर्टरला राऊटर जोडायचा राहून गेलेला. तासाभरानं आली तर स्क्रीनवर घरट्याची रिकामी वाटी आणि एक पीस. आई एवढंच म्हणाली, "गेली की रे सगळी."

तर पेटी जानेवारीतच लावा, राऊटर इन्व्हर्टरवर घ्या आणि शिडी पावसाळ्यापर्यंत पाव्हण्यांकडं ठेवून या.