एडगरटूल्समध्ये इन्फोसिसचे १०-के मागितल्यावर यादी रिकामी का येते?

आपण लातूरहून विचारले आहे की, अमेरिकेत कंपन्यांनी दाखल केलेले अहवाल (फायलिंग्ज) उतरवणाऱ्या, पायथनच्या एडगरटूल्स या लायब्ररीतून इन्फोसिसचे १०-के, म्हणजे वार्षिक अहवाल, मागितले तर काहीच मिळत नाही, मेटाला २०२३ ची गाळणी लावली तर हाती २०२२ चे आकडे पडतात, आणि मध्येच ४०३ ही त्रुटी येऊन सगळे काम थांबते. तेव्हा दोष लायब्ररीचा की आपल्या कोडचा? मी छत्रपती संभाजीनगरला एका लेखापरीक्षण कार्यालयासाठी हेच काम करतो. माझ्या मते पहिल्या दोन अडचणींत कोड बरोबर चालला आहे. त्याला जो कागद मागितला तोच त्याने शोधला. मागणीच चुकीची होती.

तलाठ्याकडे गेल्यावर नमुन्याचा क्रमांक सांगावा लागतो, हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. खातेदाराची एकूण जमीन पाहायची तर आठ-अ, एका गटाची माहिती हवी तर सातबारा, आणि नाव कधी व कशाने बदलले हे शोधायचे तर नमुना सहाची फेरफार नोंद. अमेरिकेच्या सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनच्या, म्हणजे एसईसीच्या, एडगर या दप्तरातही असेच नमुने आहेत. अमेरिकी कंपनी वार्षिक अहवाल १०-के या नमुन्यात देते, तिमाही अहवाल १०-क्यू मध्ये, आणि मोठी घडामोड झाली की साधारणतः कामकाजाच्या चार दिवसांत ८-के दाखल करते. इन्फोसिसचे शेअर १९९९ पासून अमेरिकी बाजारात डिपॉझिटरी रिसीटच्या रूपाने असले तरी एसईसीच्या लेखी ती परदेशी कंपनी आहे. म्हणून तिचा वार्षिक अहवाल २०-एफ मध्ये येतो आणि बाकीच्या घोषणा ६-के मध्ये येतात. विप्रो, एचडीएफसी बँक, आयसीआयसीआय बँक व डॉ. रेड्डीज यांचेही तसेच. टीसीएसचे शेअर अमेरिकेत नोंदलेलेच नाहीत, त्यामुळे तिचा वार्षिक अहवाल तेथे शोधू नये. आपल्या वाळूजमधील ज्या कंपन्या केवळ बीएसई व एनएसईवर आहेत त्यांनाही हेच लागू आहे.

तेव्हा कंपनी या क्लासला इन्फोसिसचे शेअर बाजारातील चिन्ह आयएनएफवाय द्यावे, गेट_फायलिंग्ज बोलावताना फॉर्म या पॅरामीटरमध्ये २०-एफ लिहावे, आणि हवे असल्यास लेटेस्ट वापरून शेवटचे पाच घ्यावेत. (नावे येथे देवनागरीत लिहीत आहे, संगणकावर अर्थातच रोमन लिपीत टंकावीत.) लायब्ररी बसवताना पिपला (पायथनची पॅकेजे बसवणाऱ्या साधनाला) एडगरटूल्स हेच नाव द्यावे, कारण कोडमध्ये इम्पोर्ट करताना मात्र नुसते एडगर लिहावे लागते आणि पिपवर एडगर या नावाचे एक वेगळेच पॅकेजही आहे, दोन्हींत कंपनी नावाचा क्लास असल्याने चुकून दुसरे बसले तर बराच वेळ काही उमगत नाही.

शक्य असेल तेथे चिन्हाऐवजी सीआयके, म्हणजे एसईसीने प्रत्येक कंपनीला दिलेला कायमचा ओळख क्रमांक, वापरावा. चिन्ह आणि नाव दोन्ही बदलतात. फेसबुकने २०२१ मध्ये मेटा हे नाव घेतले आणि २०२२ मध्ये एफबी हे चिन्ह सोडले, तरी तिचा सीआयके १३२६८०१ हाच राहिला. मालक बदलला तरी गट नंबर तोच राहतो, तसे हे आहे. मात्र प्रत्येक फायलिंगला जो अठरा अंकी ॲक्सेशन क्रमांक असतो, त्याचे पहिले दहा अंक म्हणजे कंपनीचा सीआयके असे समजू नये. ते अंक कागद सादर करणाऱ्याचे असतात, आणि सादर करणारी पुष्कळदा कंपनी नसून तिच्या वतीने फायलिंग करणारी एजन्सी असते. मी स्वतः एकदा त्या दहा अंकांवर दोन तक्ते जोडले आणि एकाच क्रमांकाखाली एकमेकींशी काडीचा संबंध नसलेल्या कितीतरी कंपन्या गोळा झाल्या.

आता मेटाच्या वर्षाचा प्रश्न. फिल्टरमधील डेट हा पॅरामीटर कागद दाखल झाल्याची तारीख पाहतो, हिशेबाचे वर्ष पाहत नाही. मेटाचे आर्थिक वर्ष ३१ डिसेंबरला संपते, म्हणून २०२२ चा अहवाल फेब्रुवारी २०२३ मध्ये दाखल झाला आणि आपल्या गाळणीत सापडला. इन्फोसिसचे वर्ष ३१ मार्चला संपते आणि २०-एफ साठी चार महिन्यांची मुदत असते, त्यामुळे तेथे हाच गोंधळ निराळ्या रीतीने होईल. कंपनी क्लासमार्फत घेतलेली यादी टू_पांडाजने डेटाफ्रेममध्ये, म्हणजे पायथनमधील तक्त्यात, उतरवावी आणि अहवाल कोणत्या तारखेपर्यंतचा आहे हे दाखवणाऱ्या रिपोर्ट डेटच्या रकान्यावर गाळणी लावावी. एकाच कंपनीऐवजी साऱ्या बाजाराची फायलिंग्ज वर्ष व तिमाही देऊन मागवली, तर ती एसईसीच्या तिमाही सूचीतून येतात, आणि त्या सूचीत नमुना, कंपनीचे नाव, सीआयके, दाखल दिनांक व फाइलचा मार्ग एवढेच असते. म्हणून आधी सूचीवरून कंपन्या निवडाव्यात आणि मग प्रत्येकीच्या स्वतंत्र यादीकडे जावे.

८-के गाळताना त्या स्वतंत्र यादीतील आयटमचे क्रमांक फार उपयोगी पडतात: २.०२ म्हणजे निकाल, ४.०१ म्हणजे लेखापरीक्षक बदलला, ५.०२ म्हणजे संचालक किंवा वरिष्ठ अधिकारी आले वा गेले. आमच्या कार्यालयात सर्वांत आधी ४.०२ पाहतात, कारण पूर्वी प्रसिद्ध केलेल्या आर्थिक विवरणांवर आता विसंबू नये असे कंपनी त्यात स्वतः सांगते. परदेशी कंपन्यांच्या ६-के ला असे क्रमांक नसतात. तेथे कागद उघडून मजकुरातच शब्द शोधावे लागतात, आणि हे काम कंटाळवाणे आहे.

दुरुस्तीच्या कागदांबाबत सावध राहावे. १०-के/ए असे तिरक्या रेघेचे शेपूट असलेला नमुना म्हणजे दुरुस्ती. मूळ १०-के जागेवर तसाच राहतो, जशी फेरफारानंतरही जुनी नोंद दप्तरात राहते. गेट_फायलिंग्जला अमेंडमेंट्स हा पॅरामीटर असून त्याला फॉल्स दिले की दुरुस्त्या वगळल्या जातात. पण सर्वांत नवा कागद तोच खरा असे धरून मूळ अहवाल टाकून देऊ नये, कारण अनेक दुरुस्त्यांमध्ये संचालकांच्या मानधनाचा राहिलेला भाग तेवढा असतो आणि ताळेबंद मुळीच नसतो.

दोन्ही कंपन्यांची तुलना करणार असाल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. मेटाचे एक्सबीआरएल आकडे (अहवालातील प्रत्येक आकड्याला संगणकाने वाचता येईल असे नाव, म्हणजे टॅग, जोडलेले आकडे) यूएस-गॅप या अमेरिकी लेखा-पद्धतीच्या वर्गीकरणात असतात आणि इन्फोसिसचे आयएफआरएस या आंतरराष्ट्रीय पद्धतीच्या, त्यामुळे महसुलासाठी एकाच टॅगचे नाव दोन्हींकडे चालत नाही.

राहिला ४०३. एसईसी विनंती करणाऱ्याची ओळख मागते; सेट_आयडेंटिटी या फंक्शनला आपले नाव व ईमेल द्यावा, तेही पहिल्या विनंतीच्या आधी. तेवढे करूनही त्रुटी येत असेल तर वेग तपासावा, कारण एसईसीची मर्यादा सेकंदाला दहा विनंत्यांची आहे आणि ती ओलांडणाऱ्या आयपी पत्त्याला काही काळ अडवले जाते. नांदेडच्या एका महाविद्यालयात मी कार्यशाळा घेतली तेव्हा तीस विद्यार्थ्यांनी एकाच वेळी तोच कोड चालवला, आणि प्रयोगशाळेतील सगळे संगणक एकाच आयपी पत्त्यावरून बाहेर जात असल्याने पाच मिनिटांत सर्वांचे पडदे एकाच त्रुटीने भरले. पुढच्या खेपेला मी आदल्या रात्री घरूनच यादी उतरवून पार्केट (तक्ता साठवण्याचा एक फाइल-प्रकार) फाइल पेन ड्राइव्हवर नेली, आणि दिवसभर सर्वांनी गाळणीचा सराव त्या फाइलवरच केला.