वाचकांचे प्रश्न : १ ऑगस्ट १९२०

प्रश्न : १ ऑगस्टला लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी आणि अण्णाभाऊ साठे यांची जयंती असते. असहकार चळवळही त्याच दिवशी सुरू झाली. ती टिळकांच्या निधनामुळे सुरू झाली का?

उत्तर : नाही. चळवळीच्या प्रारंभासाठी १ ऑगस्ट १९२० हा दिवस आधीच जाहीर झाला होता आणि गांधीजींनी ‘कैसर-ए-हिंद’ पदक परत करणारे पत्र व्हाइसरॉयना लिहिले तेही त्याच दिवशी. टिळकांचे निधन मुंबईतील सरदारगृहात मध्यरात्र उलटून तासाभराच्या आत झाले. इंग्रजी दिनदर्शिकेनुसार तेव्हा १ ऑगस्ट लागला होता. दिवस सूर्योदयापासून मोजणाऱ्या आपल्या पंचांगाच्या हिशेबाने मात्र आदलाच दिवस चालू होता. थोडक्यात, हा योग काही मिनिटांनी जुळला. अंत्यसंस्कार गिरगाव चौपाटीवर झाले. तेथील प्रचंड गर्दीत गांधीजीही होते, त्यामुळे पुढे लोकांच्या स्मरणात शोक आणि चळवळ या दोन गोष्टी एकत्र मिसळल्या असाव्यात. काँग्रेसने असहकाराला मान्यता दिली ती सप्टेंबरमध्ये, कलकत्त्याच्या विशेष अधिवेशनात.

अण्णाभाऊंचा जन्म वाळवे तालुक्यातील वाटेगावचा, आणि तोही त्याच वर्षीचा. शाळांतून दोन्ही प्रतिमांना एकत्रच हार घातला जातो. पण एकाचे निधन आणि दुसऱ्याचा जन्म यांत काही संकेत शोधणे मला तरी पटत नाही.