आतड्याच्या पेशी आणि आतड्यातल्या पेशी

प्रश्न माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा आहे. तो सोलापूरच्या पूर्व भागात टॉवेलचा कारखाना सांभाळतो. घरची भाषा तेलुगू, शिक्षण मराठी माध्यमातलं. त्यानं पाठवलेला निरोप जसाच्या तसा देते:

‘बाई, आईच्या मोठ्या आतड्यातून दुर्बिणीनं पॉलिप काढला. रिपोर्ट चांगला आलाय. पण तेव्हापासून मोबाइलवर दिसेल ते वाचतोय. एका बातमीत होतं, “आतड्याच्या प्रतिकारपेशी कर्करोगाच्या पेशी मारतात.” दुसरीत होतं, “आतड्यातल्या प्रतिकारपेशी.” डॉक्टर म्हणाले, हा कर्करोग आतड्याच्याच पेशींपासून होतो. मग मारणारी पेशीपण आतड्याची आणि मरणारीपण आतड्याचीच का? दोन्ही बातम्या एकच सांगतात का वेगवेगळं? आईला समजावून सांगायचंय आणि मलाच कळेना.’

माझं उत्तर आधी देते, कारण मग. ‘प्रतिकारपेशी’ या शब्दाआधी ‘आतड्यातल्या’ लिहावं. ‘आतड्याच्या’ हा शब्द आतडं ज्यांनी बनलंय त्या पेशींसाठी राखून ठेवावा. तुझा गोंधळ तुझ्या समजुतीतला नाही, तो त्या बातमीतल्या एका प्रत्ययानं केलेला आहे.

आता एक जोडी बघ. ‘पोटचं पोर’ आणि ‘पोटातलं पोर’. या दोन्हींतला फरक तुला कुणी शिकवला नाही, तरी तुझी चूक कधी होणार नाही. पोटचं पोर चाळीस वर्षांचं होऊन दुबईला गेलं तरी पोटचंच. पोटातलं पोर अजून जन्मायचंय. ‘चा’ नातं सांगतो, उगम सांगतो, कोण कुणाचं ते सांगतो. ‘तला’ जागा सांगतो, आत्ता कुठे आहे ते सांगतो. शाळेत शिकलेल्या सप्तमीच्या ‘त’वर ‘ला’ चढला की विशेषण तयार होतं. ‘आतला’ आणि ‘वरला’ याच ‘ला’चे. तसंच ‘गावचा पाटील’ आणि ‘गावातला पाटील’. पहिल्याकडे गावाचा मान आहे. दुसऱ्याचं आडनाव फक्त पाटील असेल, तो तिथे भाड्यानंही राहत असेल.

व्याकरणात ‘आतड्याच्या प्रतिकारपेशी’ चुकीचं ठरणार नाही, हेही सांगायला हवं. ‘चा’चा पदर फार मोठा आहे. विहिरीतलं पाणी आपण ‘विहिरीचं पाणी’ म्हणतोच, आणि त्यानं कुणाचं काही बिघडत नाही. पण जिथे एकाच वाक्यात दोन तऱ्हांच्या पेशी समोरासमोर उभ्या आहेत, तिथे हा मोठा पदर दोघींनाही झाकून टाकतो आणि वाचणाऱ्याला दोघी एकच वाटतात. तुझं नेमकं तेच झालं.

आता त्या पेशींकडे वळू. मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब. त्याला आतून जे अस्तर आहे, त्याचा सगळ्यात आतला थर फक्त एका पेशीच्या जाडीचा असतो. तू टर्किश टॉवेल विणतोस म्हणून सांगते, लहान आतड्याचं अस्तर तसंच दिसतं, उभ्या उभ्या फेऱ्यांचं, बोटांसारख्या बारीक उंचवट्यांचं. मोठ्या आतड्याचं अस्तर तसं नसतं. ते सपाट असतं आणि त्यात असंख्य बारीक खळगे असतात. खळग्याच्या तळाशी मूळपेशी. त्या नव्या पेशी तयार करतात, नव्या पेशी हळूहळू वर सरकतात आणि तीन ते पाच दिवसांत पृष्ठभागावरून गळून जातात. म्हणजे आतड्याचं अस्तर आठवड्याच्या आत नवं होतं. इतक्या वेळा पेशी दुभंगायच्या म्हणजे कधीतरी नक्कल उतरवताना चूक राहणार. चुकांवर चुका साठत गेल्या की एखादी पेशी गळायचं विसरते, वाढत राहते, तिचा पॉलिप होतो, म्हणजे अस्तरावरची बारीकशी वाढ. बहुतेक पॉलिप तसेच राहतात. एखाद्याचा कर्करोग होतो, पण त्याला बहुधा दहा-दहा वर्षं लागतात. म्हणूनच तो आधीच काढून टाकण्याला इतकं महत्त्व आहे. या सगळ्या पेशी आतड्याच्या. त्या तिथेच जन्मल्या आणि आतडं त्यांचंच बनलेलं आहे.

आणि त्याच अस्तरात, दोन पेशींच्या मधल्या फटीत अंग चोरून बसलेल्या दुसऱ्या पेशी असतात. लहान आतड्यात अस्तराच्या साधारण दहा पेशींमागे एक, मोठ्या आतड्यात त्याहून कमी. याच त्या प्रतिकारपेशी, पांढऱ्या पेशींच्या कुळातल्या. त्यांतल्या पुष्कळ टी-पेशी असतात. या ‘टी’ अक्षरापाशी जरा थांब. तो ‘थायमस’चा टी आहे. छातीच्या हाडामागे, हृदयाच्या वरच्या बाजूला असलेली ती ग्रंथी. टी-पेशी तिथे तयार होऊन बाहेर पडतात. म्हणजे शास्त्रज्ञांनी नाव देतानासुद्धा माहेरच्या गावावरून दिलं. नावानं त्या थायमसच्या, राहायला मात्र आतड्यात. आपल्याकडे सोलापूरची मुलगी लग्न होऊन लातुरात तीस वर्षं राहिली तरी तिकडची माणसं तिला ‘सोलापूरची’च म्हणतात, आणि मोहल्ल्यात काही झालं की धावून जाणारी तीच असते. मराठीत हे दोन्ही एका दमात सांगता येतं: थायमसच्या, पण आतड्यातल्या.

त्यांतही एक प्रकार विशेष आहे, गॅमा-डेल्टा टी-पेशी. पेशीच्या पृष्ठभागावर ओळख पटवणारा जो रेणू असतो, तो बहुतेक टी-पेशींत अल्फा आणि बीटा अशा दोन साखळ्यांचा असतो, या पेशींत गॅमा आणि डेल्टा साखळ्यांचा. यातल्या गॅमाचा जनुक १९८४ साली सुसुमु तोनेगावा या जपानी शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत हाती लागला, तोही दुसरंच काही शोधत असताना. रक्तात या पेशी थोड्या असतात, आतड्याच्या अस्तरात त्यांचं प्रमाण बरंच जास्त. नेहमीच्या मारक टी-पेशींना समोरच्या पेशीनं आपल्या पृष्ठभागावर एक प्रकारचं ओळखपत्र धरून दाखवावं लागतं. कर्करोगाच्या काही पेशी ते ओळखपत्रच फेकून देतात आणि निसटतात. गॅमा-डेल्टा पेशींना सहसा त्या ओळखपत्राची गरज लागत नाही. नेदरलंड्‌समधल्या संशोधकांनी २०२३ साली दाखवलं की मोठ्या आतड्याच्या ज्या कर्करोगात हे ओळखपत्र हरवलेलं असतं, त्यातल्या काही रुग्णांना प्रतिकारशक्ती मोकळी करणाऱ्या औषधांचा गुण येतो तो याच पेशींमुळे. हे सगळ्या रुग्णांना लागू नाही, नकलेतल्या चुका दुरुस्त करणारी पेशीतली यंत्रणा बिघडलेल्या एका ठरावीक प्रकारालाच लागू आहे. बातम्या हे वाक्य गाळतात. आईला सांगताना तू गाळू नकोस.

त्याच वर्षी मेलबर्नमधल्या एका गटानं उंदरांवर दुसरी गोष्ट दाखवली. या पेशींत टीसीएफ-१ नावाचं एक प्रथिन त्यांची मारक शक्ती आवरून धरतं. ते काढून टाकलं तर पेशी जोमानं काम करतात आणि गाठी लहान राहतात. तू वाचलेली बातमी बहुधा याच घराण्यातली.

आणि आता ‘तल्या’ची खरी करामत. २०२२ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातून एक शोधनिबंध आला. अस्तरात वस्तीला असलेल्या गॅमा-डेल्टा पेशी सुरुवातीला कर्करोगाला रोखतात. पण गाठ वाढत गेली की गाठीच्या आत गॅमा-डेल्टा पेशींचा दुसराच गट जमतो. तो एक रसायन सोडतो आणि त्यानं गाठीला उलट खतपाणी मिळतं. हे वाचलं तेव्हा माझ्या जिभेवर ‘कुंपणानंच शेत खाल्लं’ ही म्हण आली होती. मग लक्षात आलं, इथे ती बसत नाही. कुंपण वेगळं आहे आणि खाणारं वेगळं आहे, नाव तेवढं एक. अस्तरातल्या गॅमा-डेल्टा पेशी आणि गाठीतल्या गॅमा-डेल्टा पेशी. नुसतं ‘गॅमा-डेल्टा पेशी’ म्हटलं तर वाक्य अर्धवट राहतं, जागा सांगितली तरच ते खरं होतं. संशोधक ज्यासाठी पानं खर्च करतात ते मराठी एका ‘तल्या’त धरते, याचा मला मनापासून आनंद होतो.

‘चा’ कुठे सोडू नये, तेही सांगते. मोठ्या आतड्याचा कर्करोग पसरला तर बऱ्याचदा यकृतात जातो. घरचे म्हणतात, ‘आधी आतड्याचा होता, आता लिव्हरचा झाला.’ माझ्या मावशीच्या वेळी आम्हीही महिनाभर असंच म्हणत होतो आणि नातेवाइकांनी लिव्हरची औषधं सुचवायला सुरुवात केली होती. तो लिव्हरचा नव्हता. लिव्हरमधला होता, आतड्याचा. यकृतात बसलेल्या त्या पेशी आतड्याच्याच असतात आणि औषधं ठरतात तीही उगमावरून. एका तरुण डॉक्टरीणबाईंनी कागदाच्या मागच्या बाजूला दोन गोल काढले, एकातून दुसऱ्यात बाण नेला आणि म्हणाल्या, ‘गाव बदललंय, आडनाव नाही.’ तेव्हा मावशीच्या मुलाला कळलं. ‘कर्करोग’ शब्दाआधी अवयवाला नेहमी ‘चा’ लावावा, आणि तो कुठे आहे ते सांगायचं तर ‘तला’ वेगळा लावावा.

तुझ्या धंद्याशी जवळचा म्हणून एक शब्द जाता जाता देते. एकसारख्या पेशींच्या समूहाला मराठी पाठ्यपुस्तकांत ‘ऊती’ म्हणतात. संस्कृतात ऊति म्हणजे विणणं. इंग्रजीतल्या टिश्यूचाही मूळ अर्थ विणलेलं कापड असाच आहे. अस्तर हा शब्द तर आपण कपड्यावरूनच उचललाय.

‘पेशी’बद्दल तू विचारलं नाहीस, पण आईशी बोलताना अडेल. मराठीत पेशी म्हणजे शरीराचा सगळ्यात लहान घटक. संस्कृतात पेशी म्हणजे स्नायू, सुश्रुतानं शरीरात पाचशे पेशी मोजल्या त्या या अर्थानं. हिंदीत मांसपेशी आजही स्नायूच. तेलुगूत आपल्या पेशीला ‘कणं’ म्हणतात, कन्नडमध्ये ‘जीवकोश’. आईनं हिंदी बातम्या ऐकल्या असतील तर पेशी म्हटल्यावर तिच्या डोळ्यांपुढे दंड येईल.

आतडं या शब्दाबद्दल मात्र तिला काही समजवावं लागणार नाही. मराठीत जिवाभावाच्या नातेवाइकाला आपण ‘आतड्याचं माणूस’ म्हणतो. इथे ‘चं’च हवं, कारण नातं सांगायचंय. लेकरासाठी आतडं तुटतं, पिळवटतं. कन्नडमध्ये आतडं म्हणजे करुळु, आणि पोटच्या पोराला म्हणतात ‘करुळिन कुडी’, आतड्याचा कोंब. तुमच्या तेलुगूत आई-लेकराच्या नात्याला ‘पेगु बंधम्’ म्हणतात, पेगु म्हणजे आतडं. सोलापुरात एका बोळात या तिन्ही भाषा नांदतात आणि तिन्हींनी माया एकाच अवयवात ठेवलीय. 

म्हणून आईला हे तेलुगूतच सांग. तिथेही मराठीसारखीच सोय आहे. ‘पेगु कणालु’ म्हणजे आतड्याच्या पेशी, ‘पेगुलोनि कणालु’ म्हणजे आतड्यातल्या. आपला ‘त’ म्हणजे तुमचा ‘लो’, आपला ‘ला’ म्हणजे तुमचा ‘नि’. बिघडते ती पेगु कणं. राखण करते ती पेगुलोनि कणं. आधी तिला ‘लो’ आणि ‘नि’ नीट ऐकू जाऊ दे, टॉवेलच्या मागांचा आवाज बंद असेल अशा वेळी सांग. आणि ती पुढे काय विचारते ते मला कळव.