प्रार्थनेला बसते पण शब्दच फुटत नाहीत, माझा विश्वास संपला का?

हा प्रश्न माझ्याकडे वर्षातून निदान आठ-दहा वेळा तरी येतो, शब्द वेगळे असतात एवढंच. कोणी म्हणतं बायबल उघडलं की झोप येते, कोणी म्हणतं आमेन म्हणेपर्यंत भाजीचा हिशोब झालेला असतो. आज जिची गोष्ट सांगतेय तिला आपण कृपा म्हणू. नाव आणि ओळख पटेल अशा गोष्टी बदलल्यात, आणि तिला विचारूनच लिहितेय.

कृपा पुण्यात नर्स, वय तिशीच्या आसपास, चार वर्षांचा मुलगा, नवरा कंपनीत शिफ्टला. माहेर श्रीरामपूरकडचं, म्हणजे घरात रोज संध्याकाळी दिवा लागला की कौटुंबिक प्रार्थना, रविवारी चर्चमधली भक्ती चुकवायची नाही, असं वाढलेली मुलगी. पहिल्यांदा आली तेव्हा बसल्या बसल्या म्हणाली, "ताई मी पाखंडी झालेय." मी म्हणलं काय झालं सांग तर. तर तिने मोबाईल काढला आणि वर्षभरात पूर्ण बायबल वाचायचा प्लॅन दाखवला, रोज तीन-चार अध्याय, जानेवारीत सुरू केलेला आणि लेवीय या तिसऱ्याच पुस्तकात अडकलेला, त्यानंतर 61 दिवस रिकामे. वर मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, बहिणींचा व्हॉट्सॲप ग्रुप, त्यात रोज सकाळी वचन येतं आणि ज्यांनी वाचलं त्यांनी हात जोडलेला इमोजी टाकायचा. कृपा रोज टाकत होती. न वाचता. "मी देवाशी खोटं बोलतेय," म्हणाली आणि रडायला लागली.

इथे माझी एक चूक झाली ती आधी सांगते. मला वाटलं नाइट ड्युटी, लहान मूल, दमलेली बाई, तिला ओझं कमी करून दिलं की झालं. म्हणून म्हणलं तो प्लॅन बंद कर, मार्क घे, येशूचं आयुष्य सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांतलं सगळ्यात छोटं, 16च अध्याय आहेत, रोज एक परिच्छेद, तोही चहा उकळेपर्यंत मोठ्याने वाच, आणि प्रार्थना म्हणजे फक्त येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना, बाकी काही नाही. हा सल्ला मी खूप जणांना देते आणि बऱ्याच जणांना त्याचा उपयोग होतो, कारण आपण नवीन सवय हवेत लावायला जातो आणि ती चहाच्या पातेल्याला बांधली की टिकते. पण कृपा तीन आठवड्यांनी आली ती आधीपेक्षा खचलेली. "एवढं सोप्पं दिलंत, तेही जमलं नाही."

मग मी गप्प बसले आणि विचारलं की प्रार्थना कधीपासून बंद झाली, तारीख आठवते का.

तिला तारीख पाठ होती. आई गेली तो दिवस. कॅन्सर होता, सात महिने चालला, मंडळीने साखळी उपास प्रार्थना ठेवली, कृपाने स्वतः 21 दिवस एक वेळ जेवून उपास केला, रात्री ड्युटीवरून येऊन गुडघ्यावर बसायची. आई गेलीच. आणि पुरून आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "देवाची इच्छा." दुसऱ्या एका बाईने तर सांगितलं की विश्वासात कुठेतरी कमी पडलं असेल. हे ऐकताना माझा जीव कळवळला, कारण ही वाक्यं लोक प्रेमानेच बोलतात, वाईट मनाने नाही, पण आपल्याला पोरीचं दुःख बघवत नाही म्हणून आपण पटकन काहीतरी बोलून ते झाकतो.

तर कृपाचा प्रश्न वाचनाचा नव्हताच हो. ती देवावर रागावली होती, आणि देवावर रागवायचं नसतं असं तिला लहानपणापासून माहीत, मग राग कुठे जाणार, तो गप्प बसला आणि त्याच्याबरोबर सगळी प्रार्थनाच गप्प झाली. मी तिला तसं बोलले नाही. मी पवित्र शास्त्र उघडलं आणि स्तोत्र 13 तिच्यापुढे ठेवलं. सहाच ओवींचं स्तोत्र, पहिल्या दोन ओवींत चार वेळा देवाला विचारलंय की कुठवर, कुठवर विसरणार मला. ती म्हणाली पण शेवटी स्तोत्र लिहिणारा स्तुती करतोच ना. बरोबर आहे, म्हणून मग स्तोत्र 88 वाचलं. 150 स्तोत्रांत हे एक असं आहे की शेवटपर्यंत उजेड येत नाही, अंधारावरच संपतं. ज्यांनी शास्त्र जमवलं त्यांनी ते काढून टाकलं नाही, शेवटी एखादी गोड ओवी पण जोडली नाही. आणि वधस्तंभावर प्रभूने जे ओरडून म्हणलं, माझ्या देवा तू माझा त्याग का केलास, ती 22व्या स्तोत्राची पहिली ओळ आहे. म्हणजे तक्रार ही प्रार्थनाच आहे, देवाला पाठ न दाखवता त्याच्या तोंडावर केलेली. कृपाने 88 तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा मोठ्याने, आणि मधेच थांबून म्हणाली, "मी एवढं मागितलं होतं, फक्त दिवाळीपर्यंत राहू दे म्हणलं होतं." सहा महिन्यांत देवाशी बोललेलं तिचं हे पहिलं वाक्य होतं, माझ्याकडे बघून बोलली नव्हती ती.

मधे एकदा तिने पंडिता रमाबाईंचं नाव काढलं, की बघा त्यांचा विश्वास आणि माझा बघा. आपल्याकडे हे फार होतं, मोठ्या माणसांचा विश्वास आपण फोटोसारखा भिंतीवर लावतो. मी म्हणलं त्यांचं आयुष्य पण बघ ना, दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली, 1882 ला नवरा गेला, 1921 ला एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, आणि तरी केडगावला बसून हिब्रू-ग्रीकवरून साध्या मराठीत बायबल करायचं काम त्यांनी पुरं केलं आणि 5 एप्रिल 1922 ला गेल्या. त्या रात्रींत त्या देवाशी काय बोलल्या असतील ते आपण ऐकलेलं नाही. कृपा त्यावर काही बोलली नाही, पण परत तुलना पण केली नाही.

एक गोष्ट मी प्रत्येकाला विचारते ती तिलाही विचारली, झोप आणि जेवण. आठवड्यात तीन-चार रात्री झोपच नाही, वजन उतरलेलं, एकदा म्हणाली सकाळ होऊच नये असं वाटतं. असं असलं की मी नुसती वचनं देत बसत नाही, डॉक्टरकडे पाठवते, आणि रात्री-अपरात्री जीव नकोसा झाला तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर लिहून देते. काही विश्वासू घरांत याची लाज वाटते, डॉक्टरकडे गेलो म्हणजे प्रार्थना फेल गेली असं. त्यांना मी बायबलातल्या 1 राजे या पुस्तकाचा 19वा अध्याय वाचायला सांगते. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला प्रवचन देत नाही, निखाऱ्यावरची भाकर आणि पाण्याचा तांब्या देतो, आणि परत झोपू देतो. मग उठवून परत जेवू घालतो. होरेब डोंगरापर्यंतची चाल, देवाची ती शांत वाणी, हे सगळं नंतर. कृपा नर्स असल्यामुळे तिला हे लगेच पटलं, म्हणाली आम्ही पण आधी सलाइन लावतो. गोळ्या सुरू झाल्या, दीड महिन्यात झोप सुधारली.

ग्रुपमधे तिने एक दिवस लिहिलं की मी सध्या वाचत नाहीये, तुम्ही माझ्यासाठी वाचा. मला भीती होती कोणी काही बोलेल म्हणून, पण दोन बहिणींनी तिला वेगळा मेसेज केला की आमचं पण असंच चाललंय, आणि एक जण आता रोज रात्री तिला एक स्तोत्र वाचून व्हॉइस मेसेज पाठवते. कृपा ते हडपसरच्या बसमधे कानात घालून ऐकते, कधी ऐकता ऐकता डोळा लागतो, लागू दे. बायबलातल्या रोमकरांस पत्राच्या 8व्या अध्यायात म्हणलंच आहे की काय मागावं ते आपल्याला कळत नाही तेव्हा देवाचा आत्मा कण्हत आपल्यासाठी मध्यस्थी करतो, मग झोपलेल्या बाईसाठी पण करत असेल असं मला मनापासून वाटतं.

आता महिन्यातून एकदा येते. घरात संध्याकाळची प्रार्थना परत सुरू झालीय, सासूबाई घेतात, पोरगं मांडीवर असतं. प्रभूची प्रार्थना सगळे मिळून म्हणतात. "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" आलं की कृपा गप्प होते, बाकीचे म्हणतात, आणि पुढच्या ओळीला, रोजच्या भाकरीला, ती परत त्यांच्यात येते. सासूबाईंच्या हे लक्षात आलंय. त्या आता तेवढ्या ओळीला जरा सावकाश म्हणतात. मी कृपाला त्या ओळीबद्दल अजून काही विचारलेलं नाही.