फ्रीरेडियस: युजर टेबलात आहे, तरी ॲक्सेस-रिजेक्ट का येतं?

तुमचं म्हणणं असं: उबंटूवर फ्रीरेडियस ३.० (नेटवर्कवरचं लॉगिन तपासणारा सर्व्हर) आणि मायएसक्यूएल आहे, त्याच्या 'रॅडचेक' (युजर-पासवर्डच्या) टेबलात युजर घातलाय, पासवर्ड बरोबर आहे, तरी वाय-फायला लॉगिन होत नाही (सर्व्हर ॲक्सेस-रिजेक्ट, म्हणजे नकार, पाठवतो) आणि लॉगमध्ये 'नो ऑथ-टाइप फाउंड' येतं.

ती ओळ बघून टेबलात ऑथ-टाइप (पासवर्ड तपासायची पद्धत) घालू नका. जुन्या ट्युटोरियलांत हा सल्ला सर्रास सापडतो, आणि त्याने मूळ बिघाड फक्त झाकला जातो. त्या ओळीचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच की या युजरचा साठवलेला पासवर्ड सर्व्हरच्या हाती लागलाच नाही. का लागला नाही, ते डीबग आउटपुटमध्ये त्या ओळीच्या बरंच वर लिहिलेलं असतं.

आधी सर्व्हिस बंद करा, नाहीतर १८१२ पोर्ट अडलेला मिळेल. मग 'फ्रीरेडियस' कमांड कॅपिटल एक्सचा ऑप्शन देऊन (म्हणजे डीबग मोडमध्ये) चालवा. दुसऱ्या टर्मिनलवरून रॅडटेस्ट (चाचणीचं लॉगिन पाठवणारी कमांड) मारा: युजर, पासवर्ड, लोकलहोस्ट, ० आणि सीक्रेट, म्हणजे क्लायंट आणि सर्व्हरमधला गुप्त शब्द (बदललं नसेल तर 'टेस्टिंग१२३').

आउटपुटमध्ये एसक्यूएलची एकही ओळ नसेल तर एसक्यूएलचं मॉड्यूल चालूच नाही. डिफॉल्ट साइटच्या (सर्व्हरच्या मुख्य कॉन्फिग फाइलीच्या) 'ऑथोराइझ' भागात एसक्यूएलच्या आधी एक '-' असतो. त्यामुळे मॉड्यूल सापडलं नाही तर सर्व्हर मुकाट्याने पुढे जातो. 'मॉड्स-एनेबल्ड' फोल्डरमध्ये 'एसक्यूएल' फाइलीची सिमलिंक (शॉर्टकट) करा. त्या फाइलीत ड्रायव्हर मुळात 'नल' असतो, तो मायएसक्यूएलचा करा, डायलेक्टही (कुठल्या डेटाबेसची भाषा, ते) बदला. नमुन्यातला टीएलएस ब्लॉक तुम्ही वापरत नसाल तर कॉमेंट करा, कनेक्शन तिथेच अडकतं.

एसक्यूएल चालतंय, 'युजर फाउंड इन रॅडचेक टेबल' येतं, पण पुढची 'कंडिशनल चेक आयटम्स मॅच्ड' ही ओळ येत नाही? मग टेबलातला 'ऑप' (ऑपरेटर) कॉलम बघा. माझा पहिला संशय इथेच. स्कीमात त्याची डिफॉल्ट किंमत '==' आहे, त्यामुळे पीएचपीमायॲडमिनमधून रांग भरताना तो रकाना तसाच सोडला की हमखास फसगत होते. '==' म्हणजे आलेल्या रिक्वेस्टशी तुलना, आणि रिक्वेस्टमध्ये क्लिअरटेक्स्ट-पासवर्ड नावाचं काही नसतंच. तिथे ':=' हवं. ॲट्रिब्यूटही 'क्लिअरटेक्स्ट-पासवर्ड'च लिहा, 'युजर-पासवर्ड' नव्हे.

रॅडटेस्ट पास, पण फोन नापास? रॅडटेस्ट साधं पीएपी (थेट पासवर्डच) पाठवतो, फोन बहुधा पीईएपीच्या (एनक्रिप्टेड बोगद्याच्या) आत एमएसचॅप-व्ही२, ज्यात पासवर्ड स्वतः जात नाही. त्याला टेबलात क्लिअरटेक्स्ट (साधा पासवर्ड) किंवा एनटी-पासवर्ड (विंडोज पद्धतीचा हॅश) लागतो. एमडी५ किंवा सॉल्ट घातलेला हॅश साठवला असेल तर कितीही डोकं आपटा, जमणार नाही. ही मर्यादा प्रोटोकॉलची आहे, फ्रीरेडियसची नाही. शिवाय बोगद्याच्या आतलं लॉगिन तपासणाऱ्या 'इनर-टनेल' साइटमध्येही एसक्यूएल असल्याची खात्री करा. 'मायनस टी एमएसचॅप' ऑप्शनने रॅडटेस्टवरही एमएसचॅप तपासता येतं.

पीएपीतच 'अनप्रिंटेबल कॅरेक्टर्स' अशी वॉर्निंग दिसली तर पासवर्डचा नाद सोडा, शेअर्ड सीक्रेट दोन्हीकडे सारखं नाही. 'अननोन क्लायंट' आलं तर राउटरचा आयपी क्लायंट्सच्या फाइलीत किंवा 'नॅस' (राउटरांच्या यादीच्या) टेबलात नाही. हे टेबल वापरायला एसक्यूएलच्या फाइलीत 'रीड-क्लायंट्स' येस असावं लागतं, आणि ते सर्व्हर सुरू होतानाच वाचलं जातं. युजर बदलला तर रिस्टार्ट नको, नवा राउटर घातला तर हवाच.